गच्चीवर सेंद्रिय भाजीपाला, पावसाच्या आधी सुरुवात करायची तर कुठून? (कोल्हापूर)

फुलेवाडीची_सून:
नमस्कार मंडळी. आम्ही फुलेवाडीत राहतो, स्वतःचं दुमजली घर आहे आणि वरची गच्ची पूर्ण रिकामी, साधारण ६०० स्क्वेअर फूट असेल. निम्म्या भागात सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन आणि बाकीच्या भागात दुपारनंतर शेजारच्या बिल्डिंगची सावली. सासूबाई शेतकरी घरातल्या, त्यामुळं बाजारातनं कोथिंबीर आणली की आधी जुडी हुंगून बघतात आणि "ह्याला वास कुठाय" म्हणून बाजूला ठेवतात. आता त्यांनीच धोसरा लावलाय की फवारणी न केलेली भाजी घरच्या घरी करूया.
एकानं घरी येऊन कोटेशन दिलंय, वीस ग्रो बॅग, त्यात कोकोपीट मिक्स, बी, आणि एक ऑर्गॅनिक किट म्हणून चार बाटल्या, सगळं मिळून २२ हजार. मिस्टर म्हणतात एवढ्यात आपण पाच वर्षं भाजी विकत खाऊ. शिवाय त्यांना भीती आहे की स्लॅब गळेल, मागच्या पावसाळ्यात एका कोपऱ्याला ओल आलीच होती.
तर प्रश्न असे की एवढा खर्च लागतो का, माती कुठली घ्यायची, आता वळीव सुरू झालाय तर आत्ता लावायचं की पावसाळा संपल्यावर, आणि किडीला खरंच काही न मारता जमतं का. आमच्या इथं जवळ म्हशींचा गोठा आहे पण कुणीतरी म्हणालं की देशी गायीचंच शेण लागतं. सगळं एकदम विचारतेय, सांभाळून घ्या.

गुऱ्हाळवाला:
ताई ते कोटेशन घडी करून कपाटात ठेवा. कोल्हापुरात राहून माती तयार करायचं सामान विकत घ्यायचं म्हणजे पंचगंगेच्या घाटावर बसून बाटलीचं पाणी पिण्यासारखं झालं की. आपल्याकडं ऊस आहे, जनावरं आहेत, झाडांचा पालापाचोळा आहे, अजून काय पाहिजे.
आता मे चालू आहे म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावर रसवंती चालू आहे. तिथं संध्याकाळी चिपाडाचा ढीग पडलेला असतो, विचारलं तर पोतं भरून देतात, उलट त्यांची उचलायची कटकट वाचते. ती चिपाडं आणली की लगेच भरायची नाहीत, त्यात साखर राहिलेली असते, मुंग्या आणि माश्या लागतात. गच्चीवर पसरून कडकडीत वाळू द्या, मुंग्यांनी नाद सोडला की समजा झालं. मग कोयत्यानं वीतभर तुकडे करा.
भरायचं कसं ते सांगतो. रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या किंवा साधी ग्रो बॅग, बुडाला आणि बुडापासून दोन बोटं वर कडेला भोकं. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर चार बोटं चिपाड, त्यावर शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण, शिंपडायचा, मूठभर माती, स्वयंपाकघरातला ओला कचरा असला तर तो, वर वाळका पाला, की परत चिपाड. असं करत तीन चतुर्थांश भरायचं, वरच्या पाच-सहा इंचात मात्र चांगलं कुजलेलं शेणखत आणि पोयटा माती निम्मी निम्मी. बी किंवा रोप त्या वरच्या थरात लावायचं. खालचं चिपाड पावसाळाभर कुजत राहतं, दसऱ्यापर्यंत बादली निम्म्यावर बसते, मग वरनं परत भर घालायची. पहिल्या वर्षी माती तयार होते, भाजी त्याच्यावरचं व्याज समजा.
आणि हे काही मी शोधलेलं नाही. मुंबईत डॉ. दोशींनी उसाच्या चोथ्यावरच गच्चीवरची शेती करून दाखवली होती आणि आपल्या कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकर सरांनी, मूळचे गणिताचे प्राध्यापक, प्रयोग परिवार ह्या शेतकऱ्यांच्या गटातनं हेच सांगितलं की सूर्यप्रकाश आणि काडीकचरा ह्यातनं माती बनवता येते. द्राक्षवाल्यांना त्यांचं नाव बरोबर माहिती असतं, आपण शहरातली माणसं विसरलोय.

खुरपं:
वरचं बरोबर आहे फक्त एक गोष्ट घाला त्यात, नाहीतर जुलैमध्ये ताई परत येतील "पानं पिवळी पडली" म्हणून. चिपाडात कार्बन भरमसाट आणि नायट्रोजन जवळजवळ नाही, शंभराला एक पण नसतो. ते कुजवणारे जिवाणू मग नायट्रोजन आजूबाजूच्या मातीतनं ओढतात आणि झाड उपाशी राहतं. म्हणून शेणकाल्यात कंजुषी करायची नाही, आणि हिरवा पाला, गिरिपुष्प मिळालं तर उत्तम नाहीतर भाजीचे देठ, हे प्रत्येक थरात पाहिजेच. तरी पिवळं पडलंच तर शेंगदाण्याची पेंड दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून, ते पाणी दहापट पातळ करून आठवड्यातनं एकदा घाला. वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.
शेणाचं म्हणाल तर खतासाठी म्हशीचं शेण अगदी चालतं. कोल्हापूरकरानं म्हशीच्या शेणाला नावं ठेवायची म्हणजे कमालच आहे. देशी गायीचा आग्रह जीवामृताच्या पद्धतीत आहे, नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं प्रमाण २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती असं आहे. ते एकरासाठी आहे, तुम्हाला एवढं करून ओतायचं कुठं. २० लिटरच्या बादलीला सगळं दहावा भाग घ्या, सावलीत ठेवा, दिवसातनं दोनदा काठीनं ढवळा, दोन-तीन दिवसांनी वापरायला घ्या, आठवड्याभरात संपवा. गूळ पिवळाधमक घ्यायचा नाही, रंग उजळायला त्यात हायड्रॉस नावाची रासायनिक पावडर मारलेली असू शकते. काळा गूळ स्वस्त पडतो आणि कामाला तोच बरा.
सगळ्यात महत्त्वाचं, ताजं शेण किंवा अर्धं कुजलेलं खत बादलीत वरच्या थरात टाकू नका. आत्ता वळवानंतर हुमणीचे भुंगेरे बाहेर पडलेत, संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर बघा किती दिसतात. कच्चं शेणखत म्हणजे त्यांना अंडी घालायला आयतं आमंत्रण. उसाची मुळं खाणारी तीच अळी तुमच्या वांग्याची मुळं खाईल. खत आणलं की कागदावर पसरून चाळून घ्या, पांढरी, इंग्रजी सी सारखी वाकडी अळी दिसली की कोंबडीपुढं टाका.

मंगळवारपेठी:
कोंबडीपुढं 😂 वहिनी गच्चीवर कोंबड्या पण पाळा आता.
मस्करी सोडा, आमच्या गोठ्यात शेण लागेल तेवढं आहे. मला मेसेज टाका.

बीम_कॉलम:
स्लॅबच्या प्रश्नावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय, मी सिव्हिलवाला. वापरात असलेल्या गच्चीचं डिझाईन करताना चौरस मीटरला १५० किलो लाइव्ह लोड, म्हणजे वर येणाऱ्या माणसा-सामानाचं वजन, धरतात, आयएस ८७५ ह्या भारतीय मानकात तसं आहे. आता ओली माती लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास भरते. म्हणजे एका चौरस मीटरवर फूटभर उंच मातीचा वाफा केला तर पाचशे किलोच्या पुढं गेलात. लोक विटा रचून गच्चीवर अख्खे वाफे करतात, त्यात लिंबू आणि शेवगा पण लावतात, आणि मग खाली सिलिंगला भेग दिसली की आम्हाला फोन. अजिबात करू नका.
चिपाडाची बादली मातीच्या निम्म्यानं पण भरत नाही, हा त्या पद्धतीचा मोठा फायदा आहे. तरी पण मोठ्या वजनाच्या बादल्या आणि पिशव्या कठड्याच्या कडेनं, खालच्या भिंतींवर आणि बीमवर येतील अशा ठेवा, गच्चीच्या मध्यावर पालेभाजीचे उथळ क्रेट. सगळं दोन विटांवर उचलून ठेवा म्हणजे खालनं पाणी वाहून जाईल आणि झाडू पण मारता येईल. गच्चीच्या पन्हळीच्या तोंडाला जाळी लावा, पालापाचोळा अडकून गच्चीत पाणी साठलं तर बाग नसली तरी स्लॅब गळणारच.
ओल आलेला कोपरा बागेच्या आधी दुरुस्त करून घ्या, आत्ता, जूनच्या आधी. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गळती थांबवायला स्लॅबवर घातलेला वीटतुकड्यांचा थर, फुटला असेल तर वर नुसता रंग मारून उपयोग नाही.

फुलेवाडीची_सून:
वा, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप धन्यवाद 🙏 बीम_कॉलम दादा, तुमचा मेसेज मिस्टरांना वाचून दाखवला, ते एकदम खूश, म्हणाले हा माणूस शहाणा आहे. कोपऱ्याचं काम ह्याच आठवड्यात काढतोय.
अजून दोन शंका. एक म्हणजे कोकोपीट वापरायचंच नाही का? आणि पावसाळ्यात नेमकं लावायचं काय? सासूबाईंना कोथिंबीर आणि मेथी पाहिजे पहिल्यांदा.

राजारामपुरीची_मावशी:
कोथिंबीर मेथी आत्ता नको गं बाई. जुलैत आपल्याकडं पाऊस लागला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, कोवळी मेथी तिथंच कुजते. ती गणपती झाले की पेरायची, म्हणजे नवरात्रात घरची येते, आणि मग थंडीभर पालक, चाकवत, मुळा, शेपू, जे पाहिजे ते. टोमॅटो वांग्याचं रोप पण ऑगस्टच्या शेवटी ट्रेमध्ये टाकायचं.
आत्ता वेल लावा. दोडका, कारलं, दुधी, काकडी. सावलीच्या बाजूला अळू, हळद, आलं, ह्या तिघांना सावली चालते आणि पावसात तर ती नुसती फुगतात. भेंडी आणि अंबाडी उन्हाच्या बाजूला. आणि वरणा, म्हणजे आपला वालाच्या जातीचा शेंगांचा वेल, विसरू नका, जूनमध्ये कठड्याला चार बिया लावल्या की थंडीत शेंगांचे घोस लागतात, पुण्याच्या माझ्या जावेला वरणा म्हणजे काय ते सांगताना माझा जीव जातो.
बी मात्र जवारी, म्हणजे देशी, बघून घ्या. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, मग सेंद्रिय कशाला म्हणायचं. गावाकडं सासूबाईंच्या ओळखीत कुणाकडं तरी माळ्यावर दोडक्याचं वाळकं फळ टांगलेलं असणारच, त्यातलं बी सगळ्यात चांगलं. आणि जवारी असलं की पुढच्या वर्षी आपलंच बी आपल्याला, हायब्रीडचं तसं होत नाही.
आता दोडक्याची गंमत सांगते कारण हे कुणी सांगत नाही आणि सगळे म्हणतात "फुलं येतात पण फळ धरत नाही". दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, पाचच्या पुढं, दुधीचं पण तसंच. काकडी आणि कारल्याचं सकाळी. पावसात संध्याकाळच्या वेळी गच्चीवर ना माशी येते ना पाखरू, मग परागकण नेणार कोण? तर दिवेलागणीला वर जायचं, घोसात येतात ती नर फुलं, आणि एकटं असतं, ज्याच्या मागं करंगळीएवढा इवला दोडका असतो ते मादी. नराचं एक फूल तोडायचं, पाकळ्या मागं वळवायच्या, आणि मधला पिवळा भाग मादीच्या मधोमध हलक्या हातानं टेकवायचा, बोटाला पिवळी भुकटी लागली म्हणजे बरोबर. एक नर दोन-तीन मादींना पुरतो. चार दिवसांत त्या इवल्या दोडक्याचं तोंड खाली वळून तो लांबायला लागला की धरला, पिवळा पडला तर गेला. पाऊस असला तर छत्री धरायला नातवंडाला घेऊन जायचं.

खुरपं:
मावशी 👌👌 दोडक्याचं लाखमोलाचं सांगितलंत.
कोकोपीटबद्दल, ते वाईट नाही पण ते पाणी धरून ठेवायला बनवलंय. पुण्या-सोलापूरकडं ठीक आहे, आपल्या जुलैमध्ये तेच झाडाच्या मुळावर येतं, मुळं गुदमरतात. रोपांच्या ट्रेमध्ये वापरा, बादलीत वापरलंच तर पाचवा भाग, त्याच्यावर नको. आणि कोकोपीटची दाबलेली वीट विकत घेतली तर भिजवून दोनदा पाणी बदला, खारट असतं ते.
त्या चार बाटल्यांचं म्हणाल तर लेबलवर आत काय आहे आणि किती टक्के आहे हे लिहिलेलं नसेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका. ऑर्गॅनिक लिहून आत काय भरलंय ते कळायला मार्ग नाही आणि आपण ते मेथीवर मारून दुसऱ्या दिवशी खाणार.
घरी दोन-तीन गोष्टी पुरतात. निंबोळी कुटून लिटरला ५० ग्रॅम रात्रभर भिजवायची, गाळायची, चमचाभर रिठ्याचं पाणी घालून संध्याकाळी फवारायचं, मावा आणि तुडतुड्यांना चालतं. निंबोळ्या आता जून-जुलैत पडतील, गोळा करून वाळवून ठेवल्या की वर्षाची बेगमी. वेलांवर भुरी आली, म्हणजे पानांवर पिठासारखं पांढरं, तर एक भाग दूध नऊ भाग पाणी, उन्हाच्या वेळी फवारा, खरंच काम करतं. पावसाळ्यात पानावर पिवळे चौकोनी ठिपके दिसले तर तो केवडा, त्याला दूध चालत नाही, खालची पानं काढून टाका आणि हवा खेळती ठेवा. बाकी औषधापेक्षा नजर कामाची, रोज सकाळी पानाच्या मागच्या बाजूला बघायचं, अंडी दिसली की तिथंच चिरडायची.
आणि मुंग्या चढताना दिसल्या की नुसत्या मुंग्या म्हणून सोडू नका, त्या मावा आणि पिठ्या ढेकणाची राखण करतात, त्यांना ते गोड चाटायला मिळतं ना. मुंगी दिसली की कोवळे शेंडे तपासा.

गुऱ्हाळवाला:
फळमाशी राहिली की. कारली दोडकी वाकडी होऊन आतनं किडतात ती तिच्यामुळं. वेलवर्गाला क्यू ल्यूरचा, म्हणजे नर माशीला ओढणाऱ्या वासाचा, सापळा मिळतो बी-बियाण्याच्या दुकानात, आंब्याचा वेगळा असतो तो घेऊन येऊ नका. त्यात नर अडकतात म्हणून एकटा सापळा पुरत नाही, फळ बोटाएवढं झालं की जुन्या साडीच्या किंवा मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी घालून बांधा. किडकं फळ खाली पडलेलं तसंच ठेवायचं नाही, आतली अळी मातीत जाऊन परत माशी होऊन येते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाकायचं चार दिवस.
आणि पावसात शंखी गोगलगायी. पायऱ्या चढून कशा येतात देवाला माहिती पण गच्चीपर्यंत येतात. रात्री ओलं गोणपाट पसरून ठेवा, सकाळी उलटं करा, सगळ्या खाली चिकटलेल्या असतात. मिठाच्या पाण्यात टाका, पण मीठ मातीत सांडू देऊ नका.

बीम_कॉलम:
ह्या धाग्यावरून मी पण दोन बादल्या भरायला घेतल्यात. एक विचारतो, स्वयंपाकघरातला कचरा बादलीत टाकला तर वास? आमच्याकडं फ्लॅट आहे, सोसायटीवाले डोक्यावर बसतील.

खुरपं:
ओला कचरा एक वाटी तर वाळका पाला दोन वाट्या, एवढं पाळलं तर वास येत नाही. वास आला म्हणजे पाणी जास्त झालं, मूठभर दाबून बघा, बोटांतनं पाणी गळलं तर वाळका पाला किंवा चिपाड घाला आणि उकरा. शिजलेलं, तेलकट आणि रविवारच्या मटणाची हाडं नकोत, उंदीर येतात. जाडजूड काळपट-करड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या घरमाशीच्या नाहीत, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या आहेत, कचरा पटापट संपवतात आणि निघून जातात. पुस्तकी वाचून करायचं नसेल तर कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावर जाऊन या एकदा, देशी गायी आहेत, एका एकरात किती पिकं बसवलीत ते बघायला मिळतं.

फुलेवाडीची_सून:
कोटेशनवाल्याला नाही म्हणून कळवलं. सासूबाईंनी मावशींचा दोडक्याचा मेसेज दोनदा वाचून घेतला माझ्याकडनं आणि म्हणाल्या आमच्या शेतात ह्याला कधी हात लावायला लागला नाही, मधमाश्या होत्या. आता गावाला फोन करून बी मागवलंय, वरणा पण.
आज रसवंतीवाल्याकडं गेले होते, तो म्हणाला ताई एक पोतं कशाला, रोज न्या. मिस्टर स्कूटरवरनं आणायला तयार झालेत, हे विशेष.
मंगळवारपेठी दादा, शेण कधी न्यायला येऊ? आणि पैसे किती?

मंगळवारपेठी:
पैसे कसले वहिनी. सकाळी सहाच्या आत या, साडेसहाला शेणी थापायला बायका येतात, मग एक बुट्टी पण शिल्लक राहत नाही. जुनं कुजलेलं खत पाहिजे असेल तर मागच्या बाजूला उकिरडा आहे, तो स्वतः उकरून न्यावा लागेल. प्लास्टिकची पिशवी आणू नका, फाटते, बुट्टी नाहीतर घमेलं आणा आणि साहेबांना जुने कपडे घालून पाठवा.